हिशेबाची डिस्क उघडत नाही? फॉरमॅट करू नका

विक्रोळी पार्कसाईट भागात आमच्या परिचयाचे एक शिलाई कारखानदार आहेत. जुन्या संगणकावर त्यांनी लिनक्स बसवून घेतले आहे. परवान्याचा खर्च नाही आणि जुने यंत्रही चालते. बिले, कारागिरांच्या मजुरीचे हिशेब, कटिंगचे नमुने, सारे एका यूएसबी हार्ड डिस्कवर. जीएसटीच्या कामासाठी ही डिस्क हिशेबनिसाकडे गेली. तेथे विंडोजच्या लॅपटॉपमधून ती घाईत ओढून काढली आणि घरी उघडेना. शेजारचा मुलगा म्हणाला, "चाचा, फॉरमॅट मारा, चालू होईल." डिस्क चालू झालीही असती, पण तीन वर्षांचे हिशेब गेले असते.

व्यापारी बंधूंनी प्रथम हे पाहावे की डिस्क संगणकाला दिसतच नाही, की दिसते पण उघडत नाही. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. टर्मिनलमध्ये एल-एस-बी-एल-के ही अक्षरे इंग्रजीत, लहान लिपीत, सलग टाइप करावीत. जोडलेल्या सर्व डिस्कची यादी येते. नावावर जाऊ नका, आकारावरून आपली डिस्क ओळखा.

यादीत नसेल तर बहुधा केबल किंवा विजेचा दोष. लहान डिस्क यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २ चे तोंड ५०० मिलिअँपिअर देते, यूएसबी ३ चे ९००. म्हणून स्वस्त हबमध्ये न लावता थेट संगणकाच्या मागच्या तोंडात लावावी व केबल बदलून पाहावी. मोठ्या डिस्कला स्वतःचा अडॅप्टर लागतोच. टकटक आवाज येत असेल तर ताबडतोब बंद करा. अशी डिस्क पुन्हा पुन्हा लावणे म्हणजे उरलेलेही घालवणे.

आमच्या कारखानदारांची डिस्क यादीत होती, खाली एसडीबी१ हा भागही दिसत होता. म्हणजे डिस्क जिवंत. सुडो डी-एम-ई-एस-जी दिल्यावर शेवटच्या ओळींत कारण सापडले: विंडोजने एनटीएफएसच्या त्या भागावर 'काम अर्धवट' अशी खूण ठेवली होती. खूण असेपर्यंत लिनक्सचा २०२१ साली आलेला नवा एनटीएफएस चालक लिहिण्यासाठी डिस्क उघडत नाही. आम्हाला ही सावधगिरी योग्यच वाटते.

अशा वेळी डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडावी: सुडो माउंट -ओ आरओ /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी. (हेही इंग्रजी अक्षरांत, एसडीबी१ च्या जागी आपल्या यादीतील नाव.) आरओ म्हणजे फक्त वाचन, डिस्कवर काही लिहिले जात नाही. फायली दिसल्या. दुरुस्तीला हात लावण्याआधी सर्व दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. नंतर डिस्क विंडोजवर लावून तेथील चेकडिस्कने तपासली, रीतसर 'इजेक्ट' करून काढली, आणि ती लिनक्सवर नेहमीसारखी उघडली. एनटीएफएसफिक्स नावाची आज्ञा आहे, पण ती मुख्यतः खूण पुसते, पूर्ण दुरुस्ती करीत नाही.

उलट प्रकारही घडतो. लिनक्सच्या एक्सटी४ पद्धतीची डिस्क विंडोजला लावली की तो स्वतःच फॉरमॅट करण्यास विचारतो. तेथे 'नाही' म्हणावे. डिस्क शाबूत असते. दोन्हीकडे फिरणारी डिस्क नवी असतानाच एक्सफॅट करावी. लिनक्सच्या गाभ्यात त्याची सोय २०१९ पासून आहे.

ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांच्यासाठी शेजारच्या पवईतील आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. डिस्क काढताना यूमाउंट द्यावे. त्यात यू नंतर एन नाही. आम्ही स्वतः कितीदा चुकलो आहोत.