आपण कोणाचे वकील?

जगात कोठेही दुर्बलांवर अत्याचार होत असल्याची वार्ता आली की आपल्या मशिदींतून दुआसाठी हात उंचावतात. अशा वेळी सूरह निसाच्या ७५व्या आयतीचे स्मरण केले जाते. दुबळे करून ठेवलेल्या पुरुषांसाठी, स्त्रियांसाठी व मुलांसाठी जे उभे राहत नाहीत, त्यांना या आयतीत अल्लाहने जाब विचारला आहे. हे स्मरण योग्यच आहे. परंतु त्याच सूरहमध्ये बरोबर तीस आयतींनंतर एक प्रकरण सुरू होते आणि तिकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मजलुमाची बाजू घेणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे जाणून घ्यायचे असेल तर १०५ ते ११३ या आयती कोणत्या प्रसंगी अवतरल्या, ते पाहिले पाहिजे.

मदीनेत अन्सारांपैकी बनू जफर नावाचे कुळ होते. त्यातील तुअमा बिन उबैरिक याने शेजाऱ्याच्या घरातून एक चिलखत चोरले. चिलखत पिठाच्या पोत्यात होते व पोत्याला भोक होते, त्यामुळे वाटेवर पीठ सांडत गेले. शोध सुरू होताच त्याने चिलखत एका यहुदी माणसाकडे ठेवले आणि आपण त्यातले नाही अशी शपथ घेतली. चिलखत यहुद्याच्या घरी सापडले. ‘हे मला तुअमाने दिले,’ असे तो परोपरीने सांगत होता. पण त्याचे ऐकणार कोण? (या प्रसंगाच्या तपशिलात भाष्यकारांमध्ये फरक आढळतो. तिर्मिजीच्या कथनात आळ लबीद बिन सहल या सत्शील मुस्लिमावर घातला जातो. खरा चोर स्वकुळातला आणि आळ निरपराधावर, हा गाभा मात्र दोन्हीकडे एकच आहे.)

पुढे जे घडले ते आपल्या ओळखीचे आहे. बनू जफरचे लोक एकत्र जमले. त्यांच्यातील काहींना सत्य ठाऊक होते, तरीही कुळाच्या अब्रूचा प्रश्न म्हणून ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे गेले आणि त्यांनी आपल्या माणसाची रदबदली केली. एकीकडे कलमा पढणारा, दुसरीकडे यहुदी; शिवाय मुद्देमालही त्याच्याच घरात मिळालेला. उपलब्ध पुराव्यावरून निकाल यहुद्याच्या विरोधात जाण्याची चिन्हे होती. अशा वेळी वह्य अवतरली आणि तिने त्या यहुद्याला निर्दोष ठरविले.

या आयतींतील शब्दांकडे लक्ष द्या. निवाडा ‘लोकांमध्ये’ करावयाचा आहे, केवळ मुस्लिमांमध्ये नव्हे. विश्वासघातक्यांच्या बाजूने भांडणारा, म्हणजे ‘खसीम’, होऊ नये अशी आज्ञा आहे. आणि १०९व्या आयतीत त्या पाठीराख्यांनाच विचारले आहे की, या जगात तुम्ही त्यांच्यासाठी वाद घातलात खरा, पण कियामतच्या दिवशी त्यांचा वकील कोण होणार? आपल्या न्यायालयांत रोज उच्चारला जाणारा ‘वकील’ हाच शब्द मूळ आयतीत आहे. त्या काळी मदीनेच्या मुस्लिमांना चोहोबाजूंनी शत्रूंचा वेढा होता. आपलाच मनुष्य चोर निघाला हे झाकावे, असे कोणालाही वाटले असते. अल्लाहने ते झाकले नाही. कियामतपर्यंत नमाजमध्ये पठण होत राहील अशा वाणीत ते नमूद केले.

प्रेषितत्वापूर्वी मक्केत झालेला ‘हिल्फुल फुजूल’ हा करारही याच जातीचा. येमेनमधील जुबैदच्या एका व्यापाऱ्याचा माल आस बिन वाइल या कुरैश सरदाराने घेतला आणि पैसे दिले नाहीत. तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमून कुरैशांनीच शपथ घेतली व स्वतःच्या सरदाराकडून परक्याचा हक्क वसूल करून दिला. त्या बैठकीत तरुण मुहम्मद (स.) उपस्थित होते. पुढे प्रेषितत्व मिळाल्यावरही, अशा कराराची हाक आली तर आपण आजही ओ देऊ, असे त्यांनी सांगितले. अबू दाऊदमधील हदीसनुसार, करारात असलेल्या मुस्लिमेतरावर कोणी जुलूम केला अथवा त्याच्या मनाच्या खुशीविना त्याचे काही घेतले, तर कियामतच्या दिवशी स्वतः प्रेषित (स.) त्या मुस्लिमाविरुद्ध उभे राहतील.

आता आपल्या घरात पाहू. दूरच्या मजलुमासाठी बोलताना आपल्याला काही गमवावे लागत नाही. कसोटी लागते ती जालिम आपल्या कुळातला असतो तेव्हा. मजुराची रोजी थकविणारा आपला भाऊ असतो, भाडेकरूची अनामत दाबून ठेवणारा जमातीचा प्रतिष्ठित असतो, आणि आपण म्हणतो, ‘घरातली गोष्ट बाहेर कशाला?’ बनू जफरही हेच म्हणत होते.

सर्वांत सफाईने होणारा जुलूम बहिणीवर होतो. वडिलांचा चाळीसवा होतो न होतो तोच हक्कसोडपत्र तयार असते. बहीण सही करते, सातबाऱ्यावरून तिचे नाव उतरते आणि ‘तिने खुशीने सोडले’ असे सांगितले जाते. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला खुशी म्हणावे काय? संपत्ती थोडी असो वा अधिक, स्त्रियांचा त्यात ठरवून दिलेला हिस्सा आहे, हे याच सूरहच्या सातव्या आयतीत आले आहे. प्रेषितांनी (स.) बजावले होते की, कोणी वाक्चातुर्याने आपल्याकडून अनुकूल निवाडा मिळविला, तरी भावाच्या हक्कातून त्याला मिळालेला तो तुकडा अग्नीचाच असेल. साक्षात प्रेषितांच्या (स.) निवाड्याने जे हलाल होत नाही, ते निबंधक कार्यालयाच्या शिक्क्याने कसे होईल?

ज्या घरात असा कागद आधीच झाला आहे, तेथील भावांनी बहिणीला एकांतात, तिचे मेहुणे व चुलते समोर नसताना विचारावे. विचारण्यापूर्वी तिचा हिस्सा किती होतो, त्याची आजची किंमत काय, हे मोजून तिच्यापुढे ठेवावे. ती हिस्सा मागेल तर तो आजही देता येतो. आणि भाऊ टाळाटाळ करीत असतील तर हा विषय काढण्याची जबाबदारी घरातील थोरांवर आहे.