शाळेनंतरचा वर्ग: फायदा नेमका कोणाला होतो?



उलव्यात अनेक घरी आई-वडील दोघंही बामणडोंगरी किंवा खारकोपरहून लोकल पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. शाळा सुटल्यावर मुलं संध्याकाळच्या वर्गात बसतात. वर्ग कसा चाललाय, असं कोणी विचारलं की आपण पटसंख्या सांगतो, कार्यक्रमाचे फोटो दाखवतो. पण मूल काय शिकलं, हे त्यातून कळत नाही.

ते कसं तपासावं, यासाठी एक अभ्यास पाहू. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने २००५-०६ च्या सुमारास उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात गावातल्याच स्वयंसेवकांकडून शाळेच्या वेळेबाहेर वाचनवर्ग चालवले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्यांचं मूल्यमापन केलं. कोणत्या गावांत वर्ग घ्यायचे हे चिठ्ठ्या टाकावं तसं ठरवलं होतं. त्यामुळे वर्ग असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना नीट करता आली.

वर्गाला आलेल्या मुलांचं वाचन चांगलंच सुधारलं. पण आली किती? सुमारे ८ टक्के. ज्यांना वाचताच येत नव्हतं, त्यांच्यातली जेमतेम १३ टक्के. म्हणजे पद्धत चांगली होती, पण ती बहुतेक मुलांपर्यंत पोचलीच नाही. पुढे 'प्रथम'ने ही पद्धत शाळेच्या वेळेत आणून पाहिली. हरियाणात शिक्षकांनी रोज साधारण एक तास इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवलं, आणि वाचन सुधारलं.

आपल्या वर्गात एवढं करता येईल:

१. सुरुवातीलाच प्रत्येक मुलाला एकेकटं बसवून वाचून घ्या. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट यांपैकी कुठपर्यंत येतं ते वहीत लिहा. तीन महिन्यांनी नवा उतारा देऊन पुन्हा ऐका.

२. नुसती सरासरी काढू नका. कोण पुढे सरकलं, कोण अक्षरावरच अडकलं, ते नावानिशी बघा.

३. पातळीशेजारी हजेरी लिहा. मागे पडलेली मुलंच गैरहजर असतील, तर दोष शिकवण्यात नसून वेळेत, अंतरात किंवा फीमध्येही असू शकतो. त्यांच्या घरी जाऊन विचारा.

४. मूल शाळेतही शिकतंच. म्हणून वर्गाला न येणाऱ्या, त्याच पातळीच्या काही मुलांचं वाचनही ऐका. सगळं श्रेय आपल्या वर्गाला देण्याची घाई नको.

पालकहो, 'आज काय शिकवलं?' यासोबत 'तीन महिन्यांपूर्वी काय येत नव्हतं, जे आता येतं?' हेही वर्गात विचारा. आणि शिक्षकहो, जी मुलं वर्गाला येतच नाहीत, त्यांची यादीही आपल्या वहीत असू द्या.