कलश कोण उचलणार?



मूल किती वेळ व्हिडिओ गेम खेळतं, यावर आपलं पालकांचं बारीक लक्ष असतं. कुणाबरोबर खेळतं, हे मात्र विचारायचं राहून जातं. मला हा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा वाटतो. का, ते ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’ या गेमवरून सांगते.

२००३ साली हा गेम जपानमध्ये आला. निन्टेंडोचं गेमक्यूब हे यंत्र टीव्हीला जोडायचं आणि चौघांनी आपापलं गेम बॉय अ‍ॅडव्हान्स हे हातात धरायचं छोटं यंत्र केबलने त्याला लावायचं. गोष्ट अशी, की जगभर विषारी धुकं पसरलंय. गावाला वाचवणाऱ्या स्फटिकाची शक्ती वर्षभरात ओसरते. ती परत आणण्यासाठी तरुण पोरं तांडा घेऊन निघतात आणि मिर नावाच्या झाडाचे थेंब कलशात गोळा करून आणतात. तीन थेंबांनी कलश भरतो. कलशाभोवतीच्या वर्तुळातच धुक्यापासून बचाव होतो. बाहेर पाऊल टाकलं की जीव कमी होऊ लागतो. आणि ज्याच्या हातात कलश, त्याला लढता येत नाही. सगळ्यांनाच तलवार चालवायची असते, पण कुणीतरी कलश उचलल्याशिवाय एकालाही पुढे जाता येत नाही.

चौघांच्या हातातल्या छोट्या पडद्यांवर वेगवेगळी माहिती येते. एकाला नकाशा दिसतो, दुसऱ्याला राक्षस कुठे आहेत ते, तिसऱ्याला खजिना. बोलल्याशिवाय भागतच नाही. दोघांनी आगीचा मंत्र एकाच जागी, अचूक वेळ साधून सोडला, तर मोठी आग पेटते. मग ‘थांब, थांब... आता सोड!’ असा गलका होतो. त्या गलक्याला गोंगाट म्हणू नका. दुसऱ्याची वेळ सांभाळायला मुलं तिथे शिकत असतात.

भांडणंही होतात. प्रत्येकाला गुपचूप एक वेगळं काम मिळालेलं असतं आणि ज्याचे गुण जास्त, तो बक्षीस आधी निवडतो. लगेच मध्ये पडू नका. त्यांचं त्यांना मिटवू द्या.

याच मालिकेतल्या २००९ च्या ‘एकोज ऑफ टाइम’मध्ये हातातल्या डीएसवरचं मूल आणि टीव्हीच्या वीवरचं मूल एकत्र खेळू शकत होतं. २०२० साली पहिला गेम नव्या रूपात आला, तोही स्विच, प्लेस्टेशन आणि मोबाइल अशा वेगवेगळ्या यंत्रांवरून मिळून खेळता येईल असा. पण एकाच खोलीत, एकाच पडद्यासमोर बसून खेळायची सोय त्यातून गेली. मला याचं फार वाईट वाटतं. सोबती पडद्यापलीकडे गेले, म्हणूनच ‘कोण आहे रे बरोबर?’ हे आता विचारायलाच हवं.

जेवायला हाक मारताना ‘बंद कर’ऐवजी ‘हा टप्पा किती उरलाय?’ असं विचारा. अर्ध्यात उठलं तर बाकीचे अडकतात, आणि त्यांना सोडून न येण्यात मुलाचा हट्टच असतो असं नाही.

या गेममधलं मला सगळ्यांत आवडतं ते टपाल. मोहीम संपली की मूगल नावाचा गुबगुबीत प्राणी तांड्यातल्या पोरांना घरची पत्रं आणून देतो. पत्राला उत्तर द्यायचं, जमलं तर सोबत घरी पैसे किंवा एखादी वस्तू पाठवायची. तुमच्या लेकीने किंवा लेकाने त्या घरी काय लिहून पाठवलं, काय धाडलं, हे कधी जेवताना विचारून बघा.