पुसण्यासाठी काढलेले चित्र

दारातली रांगोळी पूर्ण झाली की आपण सर्वांत आधी काय करतो? फोटो काढतो. गेल्या दिवाळीत मी तीन तास बसून रांगोळी काढली आणि फोटो काढण्याआधीच धाकट्या भावाचा पाय तिच्यावर पडला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखे नाही. सणाचा दिवस, तो बिचारा संध्याकाळपर्यंत गप्प होता. त्या तीन तासांचे नेमके काय पुसले गेले होते?

केरळमधील ‘कळमेळुत्तु’ ही परंपरा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मंदिरात किंवा घरी भद्रकाली, अय्यप्पा किंवा नागदेवतेची मोठी आकृती जमिनीवर काढली जाते. रंग पाचच आणि तेही निसर्गातले: तांदळाच्या पिठाचा पांढरा, हळदीचा पिवळा, जाळलेल्या तुसाचा काळा, वाळवलेल्या पानांचा हिरवा आणि हळदीत चुना मिसळून होणारा लाल. ब्रश नाही. चिमटीतून पूड सोडत काही तास काम चालते. मग नंतुणी या तंतुवाद्याच्या साथीने देवतेची गाणी म्हटली जातात आणि शेवटी विधीचाच भाग म्हणून ती आकृती पुसून टाकतात. पूड भक्तांना प्रसाद म्हणून मिळते.

मी वाणिज्य शाखेत शिकते. आमच्या हिशेबात वर्षअखेरीचा शिल्लक माल मोजावाच लागतो. इथे शिल्लक शून्य, तरीही कोणी त्याला तोटा म्हणत नाही!

पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पुसायचेच आहे म्हणून तिथला कलाकार देवीचे दागिने घाईत उरकत नाही. ‘फळाची अपेक्षा नाही’ असे म्हणत आपण कधी कधी सेवेतले काम अर्धवट सोडतो. ही सबब मीसुद्धा वापरली आहे. कळमेळुत्तुमध्ये तिला जागाच नाही. चित्र उद्या दाखवता येणार नाही, म्हणून जे द्यायचे ते रेषा काढतानाच द्यावे लागते.

या आठवड्यात एक करून पाहा. रोज सकाळी दारात छोटी रांगोळी काढा, जमेल तितकी नेटकी. फोटो काढू नका. शेवटचा ठिपका दिल्यावर हात मोबाईलकडे जातो का, एवढेच पाहा. माझा पहिले दोन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी रंग भावाने भरले.