प्रेक्षणीय गोठा : मुलांची भेट व घ्यावयाची खबरदारी

शहरातील मुलास दूध पिशवीतून मिळते. ते देणारी गाय त्याने जवळून पाहिलेली असतेच असे नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य काही देशांतील खुली संग्रहालये करीत आली आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोम येथे आर्टुर हाझेलियुस यांनी १८९१ साली स्थापिलेले ‘स्कान्सेन’ हे त्यांतील आद्य होय. कारखानदारीच्या रेट्यात ग्रामजीवन लोप पावत असता त्यांनी जुनी घरे मूळ जागेवरून उकलून आणून येथे पुन्हा उभारली. तेथे देशी जातींची जनावरेही पाळली जातात. इंग्लंडमध्ये जो हेन्सन यांनी १९७१ साली कॉट्सवोल्ड टेकड्यांत दुर्मिळ जातींचे शेत लोकांस खुले केले. पाहुण्यांच्या शुल्कातून जातींचे जतन व्हावे, हा त्यामागील विचार होता.

महाराष्ट्रात २०२० साली कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले. खिलार, डांगी, देवणी यांसारखी गुरे किंवा उस्मानाबादी शेळी पाळणाऱ्या शेतकऱ्यास हा जोडधंदा करता येण्याजोगा आहे. मात्र त्यातील धोका आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

२००९ साली इंग्लंडच्या सरे परगण्यातील एका खुल्या शेतावर ‘ई. कोलाय ओ-१५७’ या जंतूचा प्रादुर्भाव होऊन ९३ जण आजारी पडले. त्यांपैकी ७६ मुले दहा वर्षांखालील होती. हे जंतू निरोगी दिसणाऱ्या गाई, शेळ्या व मेंढ्यांच्या आतड्यांतही असतात. शेणाचा अंश अंगावरील केसांस वा कुंपणास लागतो, तेथून मुलाच्या हातास व हातावरून तोंडात जातो. लहान मुलांत या रोगाने मूत्रपिंडे निकामी होण्याचा संभव असतो. जनावर धडधाकट आहे, एवढ्यावरून निर्धास्त राहू नये.

पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. गोठा व भोजनाची जागा यांच्या वाटेवर नळ व साबण ठेवावा. एक नळ मुलांच्या उंचीचा असावा. वाहत्या पाण्याखाली निदान वीस सेकंद हात चोळून धुवावेत. हातास शेणमाती लागली असता निव्वळ निर्जंतुक द्रव चोळणे पुरेसे नाही.

२. गोठ्याच्या आवारात खाणेपिणे होऊ देऊ नये.

३. पाहुण्यांस धारोष्ण दूध देऊ नये. त्यातून सांसर्गिक गर्भपाताचे व क्षयाचे जंतूही माणसात येतात. दूध उकळूनच द्यावे.

४. व्यालेली, गाभडलेली, हगवण लागलेली वा गजकर्ण झालेली जनावरे वेगळी बांधावीत. गरोदर स्त्रियांनी व्यालेल्या शेळ्या-मेंढ्यांजवळ जाऊ नये.

५. पोळी, भात, धान्य पाहुण्यांनी चारू नये. त्याने जनावराच्या पोटात आम्ल वाढून ते दगावूही शकते. यजमानाने हिरव्या चाऱ्याच्या लहान पेंढ्या मोजून द्याव्यात.

६. जनावरांस माणसांपासून दूर जाता येईल असा आडोसा ठेवावा. करडे दिवसभर हाताळू देऊ नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी असा व्यवसाय करू इच्छिणाऱ्यास प्रथम पाण्याची सोय विचारावी व पशुवैद्यकाकडून जनावरांची तपासणी व लसीकरण करवून घ्यावे. फाटकावरील रंगीत फलक नंतरही लावता येईल. हात धुण्याचा नळ मात्र पहिला पाहुणा येण्यापूर्वी बसलेला असावा.