मनाचा कोतेपणा आणि नात्याच्या मर्यादा

'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ साली सुरू झाली आणि २०२१ पर्यंत चालली. पत्नी राधिका घरी असताना गुरुनाथ शनायाशी संबंध ठेवतो व ते लपविण्यासाठी एकामागून एक असत्य रचतो, हे तिचे कथासूत्र. आपल्या घरांतही ती आवडीने पाहिली गेली.

मालिका गुरुनाथची बाजू घेत नाही, हे मान्य केले पाहिजे. राधिका मसाल्यांचा व्यवसाय उभारून स्वाभिमानाने जगते. तथापि रोज पाहिलेला विश्वासघात हळूहळू करमणूक वाटू लागतो, धोका तेथे आहे.

सूरह निसाच्या १२८व्या आयतीत पतीच्या बेपर्वाईचे भय वाटणाऱ्या स्त्रीचा उल्लेख आहे. समेट उत्तम असे सांगून पवित्र कुरआन लगेच मानवी मनाला चिकटलेल्या 'शुह्ह'ची जाणीव देतो. शुह्ह म्हणजे केवळ पैशाची कंजुषी नव्हे. स्वतःचा हक्क पुरेपूर वसूल करावा आणि दुसऱ्याचा देताना हात आखडावा, असा हा मनाचा कोतेपणा आहे. गुरुनाथला राधिकेची सेवाही हवी आणि शनायाही हवी, हे त्याचेच चित्र.

यावर कुरआनने दोन उपाय दिले आहेत. पहिला मर्यादेचा. सूरह बकराच्या २२९व्या आयतीत, तलाकच्या विवेचनात, 'अल्लाहच्या मर्यादा' हे शब्द चार वेळा आले आहेत. नाते तुटतानाही मनमानीला जागा नाही. दुसरा उपाय 'फज्ल', अर्थात औदार्य. २३७व्या आयतीत, सहवासापूर्वीच तलाक झाल्यास ठरलेल्या मेहरचा अर्धा भाग द्यावा असे सांगून, परस्परांतील औदार्य विसरू नये अशी ताकीद आहे. जेथे एक दिवसही संसार झाला नाही तेथे ही अपेक्षा, तर वर्षानुवर्षे सोबत राहिलेल्या जोडीदाराशी औदार्य किती असावे?

एकदा समेटासाठी आलेला एक तरुण मला म्हणाला, "मौलाना, खर्च तर मी देतोच आहे ना?" मी त्याला नफक्याचे नियम समजावून मोकळा झालो. शेजारी मान खाली घालून बसलेल्या त्याच्या पत्नीला मी काहीच विचारले नाही. तो सल आजही मनात आहे. मर्यादा मी सांगितली, औदार्य सांगायचे राहून गेले.

गुरुनाथला हसणे सोपे आहे. टीव्ही बंद झाल्यावर आपल्या मनातील शुह्ह ओळखणे कठीण. अल्लाह आपणां सर्वांना त्यापासून वाचवो आणि आपल्या घरांत प्रेम व दया नांदो. आमीन.