अंदाज आणि निकाल

प्रास्ताविक

दोन तुल्यबळ संघ समोरासमोर आले, की सामन्याआधीच ‘कोण जिंकणार?’ ही चर्चा रंगते. असा अंदाज कशाच्या आधारे करावा आणि त्यावर किती विसंबावे, याचा विचार या पाठात केला आहे.

मूळ पाठ

बेंगळुरूच्या दक्षिण भागात बनशंकरी देवीचे मंदिर आहे. बदामीची बनशंकरी ही महाराष्ट्रातील अनेक घराण्यांची कुलदेवता असल्याने मराठी माणसाला हे नाव परके नाही. एरवी अशुभ मानल्या जाणाऱ्या राहुकाळात भाविक येथे लिंबाच्या सालीत दिवे लावतात. उद्या काय घडेल, ही उत्सुकता आणि धास्ती माणसाच्या मनात सदैव असते. क्रीडांगणही त्याला अपवाद नाही.

याच शहरात मार्च १९७४ मध्ये रणजी करंडक स्पर्धेचा उपान्त्य सामना झाला. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला कर्नाटक. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे करंडक जिंकला होता. कर्नाटकाने, म्हणजेच पूर्वीच्या म्हैसूर संघाने, तो एकदाही जिंकला नव्हता. मुंबईकडे अजित वाडेकर आणि सुनील गावसकर होते. साहजिकच मुंबईचे पारडे जड वाटावे अशीच स्थिती होती.

परंतु मागील विजय हे मागील खेळाडूंचे असतात. कर्नाटकाच्या संघात आता एरापल्ली प्रसन्ना व भागवत चंद्रशेखर हे फिरकी गोलंदाज होते. गुंडाप्पा विश्वनाथ यांनी १६२ आणि ब्रिजेश पटेल यांनी १०६ धावा केल्या. कर्नाटकाचा डाव ३८५ धावांवर संपला. मुंबईच्या डावात प्रसन्ना यांनी गावसकरांचा त्रिफळा उडवला. वाडेकर ६२ धावांवर असताना पाय घसरून धावबाद झाले. मुंबईचा डाव ३०७ धावांत आटोपला. सामना अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावातील आघाडीच्या नियमानुसार कर्नाटकाने अंतिम फेरी गाठली आणि पुढे राजस्थानला हरवून प्रथमच करंडक मिळवला.

या निकालात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या: खेळाडूंचे कौशल्य, स्पर्धेचा नियम आणि योगायोग. पहिल्या दोन गोष्टी सामन्याआधी अभ्यासता येतात. वाडेकरांचा पाय घसरेल, हे मात्र कोणालाच सांगता आले नसते.

जानेवारी २०१० मध्ये म्हैसूर येथील अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा भिडले. विजयासाठी कर्नाटकाला ३३८ धावा हव्या होत्या. पहिल्या डावात अवघ्या १३० धावा करणाऱ्या संघाला हे लक्ष्य झेपणार नाही, असे कोणीही म्हटले असते. मनीष पांडे यांनी १४४ धावा करून ते आवाक्यात आणले. तरीही कर्नाटकाचा डाव ३३१ धावांवर संपला आणि मुंबई केवळ ६ धावांनी जिंकली.

मग अंदाज करणे व्यर्थ आहे काय? तसे नाही. ‘अमुक संघ जिंकण्याची शक्यता १०० पैकी ७० आहे’ या विधानातच ३० वेळा तो न जिंकण्याची शक्यताही मान्य केलेली असते. म्हणून एका निकालावरून अंदाज करणाऱ्याला मूर्ख किंवा द्रष्टा ठरवू नये. त्याने केलेले अनेक अंदाज नोंदवून ते पडताळावेत. पावसाच्या अंदाजालाही हीच कसोटी लागू पडते.

शक्यता आणि खात्री यांतील भेद विसरला, की माणूस सट्ट्याच्या नादी लागतो. सट्टा चालवणारा आपला नफा राहील अशा बेतानेच भाव ठरवतो. त्यामुळे दीर्घकाळ पैसे लावणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या पदरी तोटाच येतो आणि त्याची झळ घरच्या चुलीपर्यंत पोहोचते. अंदाज जरूर करावा, तो कारणांसह मांडावा आणि चुकला तर मोकळेपणाने मान्य करावा. निकाल आधीच ठाऊक असता, तर सामना पाहण्यात गोडी तरी काय उरली असती?

शब्दार्थ

तुल्यबळ – सारख्या ताकदीचे
उपान्त्य – शेवटच्या आधीचा
योगायोग – अकल्पितपणे जुळून आलेली घटना
द्रष्टा – भविष्य जाणणारा

स्वाध्याय

१. १९७४ च्या सामन्यात मुंबईचे पारडे जड का वाटावे?
२. सामना अनिर्णित राहूनही कर्नाटक अंतिम फेरीत कसे पोहोचले?
३. ‘शक्यता’ आणि ‘खात्री’ यांतील फरक तुमच्या अनुभवातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.